तारखांचे स्मरण आणि स्मरणाच्या तारखा : यवतमाळ जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासातील तीन दिनांकांचा अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाच्या अध्यापनात सनावळीला आज फारसे मानाचे स्थान उरलेले नाही. राजांची नावे आणि लढायांच्या तारखा पाठ करणे म्हणजे इतिहासाचा अभ्यास नव्हे, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. सामाजिक आणि आर्थिक प्रक्रियांच्या अभ्यासाने तारखेला दुय्यम ठरविले आणि ते योग्यही झाले. परंतु समाजाच्या प्रत्यक्ष व्यवहारात तारखांचे महत्त्व तिळमात्र कमी झालेले नाही. शासनाची जयंती-पुण्यतिथीची परिपत्रके, महाविद्यालयांचे वार्षिक नियोजन, वृत्तपत्रांतील 'दिनविशेष' हे सदर, चौकाचौकांतील फलक या सर्वांचा आधार तारीख हाच असतो. वर्गात प्रक्रिया शिकविली जाते आणि वर्गाबाहेर तारीख साजरी होते. या दोहोंमधील अंतर हाच एक अभ्यासविषय आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस आल्बवाक्स याने १९२५ मध्ये सामूहिक स्मृतीची मांडणी केली. व्यक्ती आठवते ती समाजाने पुरविलेल्या चौकटीत, हे त्याच्या मांडणीचे सार होय. दिनदर्शिका ही अशीच एक चौकट आहे. तीत कोणत्या घटनेला जागा मिळावी याचा निर्णय केवळ घटनेच्या महत्त्वावर होत नाही. भारताची राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली. ती पूर्णतः अंमलात आणण्यासाठी मात्र २६ जानेवारी १९५० हा दिवस निवडण्यात आला, कारण १९३० मध्ये त्याच तारखेला पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा देशभर घेतली गेली होती. बास्तीलचा पाडाव १४ जुलै १७८९ चा. पण फ्रान्सने हा दिवस कायद्याने राष्ट्रीय दिन ठरविला तो १८८० मध्ये, म्हणजे ९१ वर्षांनंतर. घटना एकदा घडते. तिची तारीख मात्र पुढे कोणीतरी निवडावी लागते, जपावी लागते आणि प्रसंगी तीवर हक्क सांगावा लागतो.

प्रस्तुत निबंधात यवतमाळ जिल्ह्याशी निगडित तीन तारखांचा या दृष्टीने विचार केला आहे. १० जुलै १९३० हा पुसदच्या जंगल सत्याग्रहाचा दिवस, १ जुलै हा वसंतराव नाईक यांचा जन्मदिन म्हणजेच राज्याचा कृषी दिन आणि १९ मार्च हा साहेबराव करपे यांच्या आत्महत्येचा स्मरणदिन. या तीनही तारखांची पाळेमुळे जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पूस आणि पैनगंगा या नद्यांच्या परिसरात आहेत. पहिली तारीख प्रामुख्याने पाठ्यपुस्तकाने, दुसरी शासनाने आणि तिसरी लोकांनी सांभाळली. एकाच भूभागाच्या तीन तारखांना तीन वेगळे वारस लाभले, याची कारणे शोधणे हा या निबंधाचा हेतू आहे.

तिथी, नक्षत्र आणि तारीख

तारखेने स्मरण करण्याची रीत आपल्याकडे तशी अलीकडची आहे. वऱ्हाडातील कृषिजीवनाचा काल आजही दोन पातळ्यांवर मोजला जातो. पेरणीचा विचार मृगाच्या आणि आर्द्राच्या पावसावर होतो, बैलांचा सन्मान श्रावण अमावास्येला पोळ्याच्या दिवशी होतो. मात्र कर्जाची वसुली ३१ मार्चच्या हिशेबाने होते. निसर्गाचा काल नक्षत्रांचा आणि तिथींचा, तर सरकारचा आणि सावकारीचा काल तारखांचा अशी ही विभागणी आहे. इंग्रजी अंमलाने कचेरी, शाळा, रेल्वे आणि न्यायालय यांच्या मार्गाने तारीख खेड्यापर्यंत पोहोचविली. निजामाने २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर महसुलाच्या व्यवस्थेत तारखेला जे प्राबल्य आले, ते पुढे कायम राहिले.

स्मरणाच्या क्षेत्रात तिथी आणि तारीख यांचा संघर्ष अद्याप मिटलेला नाही. छत्रपती शिवाजी महाराजांची जयंती राज्य शासन १९ फेब्रुवारीला साजरी करते, तर अनेक संस्था तिथीचा आग्रह धरतात. या संदर्भात शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आष्टीचे उदाहरण बोलके आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी येथे आणि चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे जनतेने जो उठाव केला, त्या दिवशी नागपंचमी होती. आष्टीतील हुतात्म्यांचे स्मरण नागपंचमीशी जोडले गेले. सण दरवर्षी घरोघरी येतोच. त्यामुळे त्याला बिलगलेली घटनाही आपोआप स्मरणात राहते. ज्या घटनेला सणाचा असा आधार नाही, तिला एखादे स्मारक, शासन निर्णय किंवा संघटना यांचा आधार शोधावा लागतो. यवतमाळच्या तीनही तारखा या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

१० जुलै १९३० : गवताचा सत्याग्रह

महात्मा गांधींनी १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीयात्रेस प्रारंभ केला आणि ६ एप्रिलला मिठाचा कायदा मोडला. समुद्रकिनारा नसलेल्या प्रदेशांपुढे यामुळे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. वऱ्हाडात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हा त्यावरील एक तोडगा होता. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदेभंग करण्यात आला. परंतु यवतमाळसारख्या डोंगराळ आणि वनाच्छादित जिल्ह्यात मिठापेक्षा जंगलाचा प्रश्न लोकांच्या अधिक जिव्हाळ्याचा होता.

वसाहतकालीन वन कायद्यांनी, विशेषतः १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांनी, राखीव जंगलाची संकल्पना रूढ केली. वऱ्हाड हा नावाने निजामाचाच मुलूख राहिल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे स्वतंत्र आदेशांनी लागू होत. परंतु खेड्यातील माणसाच्या दृष्टीने परिणाम एकच होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात गुरे चारली, जेथून गवत, सरपण आणि मोहफुले आणली, तेथे परवाना आणि चराईची फी आली. परवान्यावाचून गवताचा भारा आणणे हा गुन्हा ठरला. गोंड, कोलाम, बंजारा आणि अन्य शेतकरी समाजांना याची झळ रोजच बसत होती.

या पार्श्वभूमीवर १० जुलै १९३० रोजी माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे यांनी स्वयंसेवकांच्या तुकडीसह पुसद परिसरातील राखीव जंगलात गवत कापून कायदेभंग केला आणि त्यांना अटक झाली. अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी याच जिल्ह्यातील वणी येथे झाला. लोकमान्य टिळकांचे अनुयायी असलेले अणे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रतिसहकार पक्षाच्या विचाराचे होते. असा सनदशीर प्रवृत्तीचा विधिज्ञ नेता विळा हाती घेऊन राखीव जंगलात जातो, ही गोष्ट तत्कालीन समाजमनावर परिणाम करणारी होती. दिवसाची निवडही ऋतूला धरून होती. मीठ उन्हाळ्यात तयार होते. गवत मृगाच्या पावसानंतर वाढते. कायदेभंगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला स्थानिक ऋतुचक्राची जोड येथे मिळालेली दिसते.

या सत्याग्रहाच्या स्मरणाचा इतिहास मात्र एकसंध नाही. राष्ट्रीय सभेच्या परंपरेत १० जुलै आणि अणे यांचे नाव अग्रभागी राहिले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या परंपरेत याच आंदोलनाची आठवण २१ जुलै १९३० या तारखेने केली जाते. त्या दिवशी संघाचे संस्थापक डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह केला. सत्याग्रहास जाण्यापूर्वी त्यांनी सरसंघचालकपद डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपविले होते. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. आंदोलन एक, जिल्हा एक, महिनाही एक. पण दोन विचारपरंपरांनी आपापली तारीख निवडली. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. कोणती तारीख सांगितली जाते यावरून सांगणाऱ्याची परंपरा समजते, आणि दोन्ही तारखांत नेत्याचे नाव राहून ज्यांच्या गवतासाठी हा लढा होता त्यांची नावे मागे पडतात, हेही समजते.

तुलनेसाठी अन्य ठिकाणे पाहणे उपयुक्त ठरेल. रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथील जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला. मध्य प्रांतातील शिवनी जिल्ह्यात तुरिया येथे ९ ऑक्टोबर १९३० रोजी तसाच प्रसंग घडला. चिरनेरला २५ सप्टेंबर हा हुतात्मा दिन म्हणून गावाने जपला आहे. रक्त सांडलेल्या तारखेला गाव विसरू शकत नाही, कारण ती त्या त्या घरातील मृत्यूची तारीख असते. पुसदला १० जुलै रोजी शिस्तबद्ध आणि शांततामय कायदेभंग झाला. अहिंसक आंदोलनाचे यश स्मृतीच्या दृष्टीने त्याची मर्यादा ठरते, असा हा काहीसा क्लेशदायक विरोधाभास आहे.

अणे यांच्या बाबतीत दिनदर्शिकेने आणखी एक अडचण निर्माण केली. १९३३ मध्ये राष्ट्रीय सभेचे हंगामी अध्यक्षपद, १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्यत्व, गांधीजींच्या १९४३ च्या उपोषणप्रसंगी त्या पदाचा राजीनामा आणि स्वातंत्र्योत्तर काळात बिहारचे राज्यपालपद अशी त्यांची वाटचाल होती. त्यांचे निधन २६ जानेवारी १९६८ रोजी झाले. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात त्यांचा स्मृतिदिन दरवर्षी झाकला जातो. त्यांची जन्मतारीख २९ ऑगस्ट ही मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीमुळे राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून अधिक परिचित आहे. अशा स्थितीत जन्म आणि मृत्यू यांपेक्षा १० जुलै हीच अणे यांची खरी तारीख ठरते. ती त्यांच्या एकट्याची नाही, हे तिचे वैशिष्ट्य आहे.

१ जुलै : शासनाची तारीख

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा कुटुंबात झाला. पुसदला वकिली, नगरपालिकेचे अध्यक्षपद आणि पुढे राज्याचे मंत्रिपद असा त्यांचा प्रवास झाला. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ असा अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. इतका प्रदीर्घ काळ हे पद अन्य कोणासही लाभलेले नाही. संकरित ज्वारीचा प्रसार, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठांची उभारणी, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या तत्त्वाचा मोठ्या प्रमाणावर अवलंब आणि त्याच वर्षापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना हे त्यांच्या कारकिर्दीतील ठळक टप्पे होत. १८ ऑगस्ट १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिन राज्यात कृषी दिन म्हणून साजरा होतो.

शासकीय स्मरणाची पद्धत येथे स्पष्ट होते. शासन सामान्यतः व्यक्तीच्या जन्माची किंवा मृत्यूची तारीख निवडते. कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली तो दिवस किंवा रोजगार हमी कायदा अंमलात आला तो २६ जानेवारी १९७९ हा दिवस कृषी दिन झाला असता, तर धोरणाची चर्चा दरवर्षी करावी लागली असती. एकाधिकार खरेदी का सुरू झाली, कशी खालावली आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तिचा एकाधिकार का संपला, हे प्रश्न टाळता आले नसते. जन्मदिनी मात्र गौरव होतो. हिशेब मांडला जात नाही. ही नाईक यांच्या कार्याची उणीव नसून स्मरणासाठी निवडलेल्या चौकटीची मर्यादा आहे.

इतिहासाने या तारखेला एक अनपेक्षित जोड दिली. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी ३० जून आणि १ जुलै २००६ रोजी विदर्भाचा दौरा केला. या दौऱ्यात त्यांनी अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज १ जुलै रोजी जाहीर केले. त्यापूर्वी डिसेंबर २००५ मध्ये राज्य शासनाने १,०७५ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. या सहा जिल्ह्यांसाठी अमरावती येथे जी यंत्रणा उभारण्यात आली, तिला वसंतराव नाईक शेतकरी स्वावलंबन मिशन असे नाव देण्यात आले. शेतीच्या समृद्धीसाठी स्मरणात असलेले नाव शेतीच्या संकटावरील उपाययोजनेलाही लाभले आणि कृषी दिनाची तारीख मदतीच्या घोषणेचीही तारीख झाली. हा योगायोग असला तरी अभ्यासकाने तो नोंदवावा असा आहे. १ जुलै ही तारीख तेव्हापासून दोन अर्थ वाहते. समारंभात त्यांपैकी एकच अर्थ उच्चारला जातो.

१९ मार्च १९८६ : लोकांनी उचललेली तारीख

आजच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाण हे पुसदच्या शेजारच्या टापूतील गाव. तेथील शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळील दत्तपूर येथे आत्महत्या केली. त्या दिवशी त्यांच्यासह पत्नी आणि चार मुले अशा एकाच कुटुंबातील सहा जणांचा अंत झाला. ज्या पवनारमध्ये आचार्य विनोबा भावे यांचा आश्रम आहे, ज्या विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा प्रारंभ केला, त्याच परिसरात जमीन असलेल्या शेतकऱ्याचे कुटुंब संपावे, हा प्रसंग स्वातंत्र्योत्तर कृषिधोरणाच्या इतिहासात सहज ओलांडून जाण्यासारखा नाही.

या घटनेचा उल्लेख अनेकदा 'महाराष्ट्रातील पहिली शेतकरी आत्महत्या' असा केला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहणे आवश्यक आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याचे मरण १९८६ मध्ये प्रथम घडले, असे मानण्यास आधार नाही. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगापासून ग्रामीण कर्जाची चर्चा सरकारदरबारी चालू होती. १९८६ मध्ये जे प्रथम घडले ते वेगळे होते. शेतकऱ्याच्या आत्महत्येकडे शेती व्यवसायाच्या अवस्थेचे चिन्ह म्हणून पाहण्याची दृष्टी या घटनेभोवती आकारास आली. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संघटनेने त्यापूर्वीच्या काही वर्षांत शेतमालाच्या रास्त भावाचा प्रश्न राज्यभर मांडला होता. त्यामुळे या मृत्यूचा अर्थ लावण्यासाठी लागणारी भाषा तयार होती. 'पहिली' हा शब्द येथे गणनेचा नाही, जाणिवेचा आहे.

गणनेचा इतिहासही याच निष्कर्षाकडे नेतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची स्वतंत्र वर्गवारी १९९५ पासून केली. महाराष्ट्रात महसूल विभागाची आकडेवारी सामान्यतः २००१ पासून दिली जाते. म्हणजे १९८६ मध्ये ही घटना नोंदविण्यासाठी शासनाच्या तक्त्यात रकानाच नव्हता. पुढे रकाना आला, तेव्हा त्याचे पोटविभागही आले. मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्हास्तरीय समितीने ठरविण्याची पद्धत रूढ झाली. पात्र प्रकरणात वारसांना १ लाख रुपयांचे साहाय्य मिळू लागले. त्यातील काही भाग रोख आणि उर्वरित ठेवीच्या स्वरूपात. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज कोणत्या बँकेचे होते, वसुलीचा तगादा होता की नाही, यांवर पात्रता ठरते. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी स्त्री किंवा सावकाराकडून तोंडी व्यवहाराने कर्ज घेतलेला शेतकरी या कसोटीत बसणे कठीण असते. जिल्हाधिकारी कार्यालयातील नोंदवहीत प्रत्येक मृत्यूसमोर एक तारीख आहे. त्या तारखांची एकत्रित अशी कोणतीही शासकीय स्मरणतारीख नाही.

ही पोकळी लोकांच्या बाजूने भरली गेली. अमर हबीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने किसानपुत्र आंदोलनाने २०१७ पासून १९ मार्च हा दिवस अन्नत्यागाने पाळण्यास प्रारंभ केला. कमाल जमीन धारणा कायदा, आवश्यक वस्तू कायदा आणि भूमिअधिग्रहण कायदा हे शेतकऱ्याला जखडणारे कायदे रद्द करावेत, ही या आंदोलनाची भूमिका आहे. तिच्याशी सर्व अभ्यासक सहमत असतीलच असे नाही. कमाल जमीन धारणा कायद्याबाबत तर भूमिहीनांच्या बाजूने गंभीर आक्षेप नोंदविता येतात. परंतु स्मरणाच्या रूपाचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. पुतळा, हार आणि मिरवणूक यांना येथे स्थान नाही. अन्न पिकविणाऱ्याच्या मृत्यूचे स्मरण एक दिवस अन्न न घेता करावयाचे, हा या दिवसाचा विधी आहे. तो घरी, शहरात, परदेशात, एकट्यानेही करता येतो. शेती सोडून नोकरीत स्थिरावलेल्या शेतकऱ्यांच्या मुलामुलींना या विधीने आपल्या मुळांशी जोडून घेतले. मार्चअखेरच्या वसुलीला बारा दिवस उरलेले असताना ही तारीख येते, हेही तिच्या परिणामकारकतेचे एक कारण आहे.

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्यावरून मोठा वाद झाल्यानंतर हे उद्घाटन जिल्ह्यातील एका शेतकरी विधवेच्या हस्ते करण्यात आले. याच शहरात १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले होते. या दोन संमेलनांमधील ४६ वर्षांत जिल्ह्याची सार्वजनिक ओळख कोणत्या दिशेने बदलली, हे उद्घाटकाच्या निवडीवरून लक्षात येते.

तारीख नसलेला इतिहास

तारखांच्या आधारे होणाऱ्या स्मरणाची सर्वांत मोठी मर्यादा अशी की, ज्या घटना एका दिवसात घडत नाहीत त्यांना दिनदर्शिकेत जागा मिळत नाही. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. हे मृत्यू काही महिन्यांच्या काळात, वेगवेगळ्या गावांत झाले. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर चर्चा झाली. तथापि या दुर्घटनेला तारीख नाही. त्यामुळे तिचा स्मरणदिनही नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेला २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र लाभली. सावकाश पसरणाऱ्या विषाला अशी रात्र लाभत नाही.

हीच गोष्ट चराईच्या हक्कांची, कर्जाच्या साखळीची आणि कापसाच्या घसरत्या भावाची. १० जुलै १९३० या दिवसामागे वन कायद्यांची अर्धशतकाहून अधिक काळाची प्रक्रिया होती आणि १९ मार्च १९८६ या दिवसामागे शेतीतील तुटीची. वनहक्कांच्या बाबतीत ऐतिहासिक अन्याय झाल्याची स्पष्ट कबुली कायद्याच्या उद्देशिकेत आली ती २००६ च्या वनहक्क कायद्याने, म्हणजे पुसदच्या सत्याग्रहानंतर ७६ वर्षांनी. त्या दृष्टीने १० जुलैचा खरा उत्तरार्ध कोलाम आणि गोंड वस्त्यांतील वनहक्काच्या दाव्यांत शोधावा लागतो. कर्जाच्या बाबतीत २००८ ची केंद्रीय कर्जमाफी अर्थसंकल्पी भाषणात जाहीर झाली ती २९ फेब्रुवारी रोजी. चार वर्षांतून एकदाच येणाऱ्या या तारखेवर भाष्य करण्याची गरज नाही. दोन हेक्टरच्या मर्यादेमुळे कोरडवाहू विदर्भातील अनेक शेतकरी पूर्ण कर्जमाफीपासून दूर राहिले, ही वस्तुस्थिती मात्र त्या तारखेबरोबर सांगितली गेली पाहिजे.

तारीख ही अशा प्रकारे प्रक्रियेचे दार असते. दाराशीच थांबून हार घातला तर आत जाता येत नाही आणि दारच बुजविले तर आत काही होते हेही पुढील पिढीला कळत नाही. सनावळीला पूर्णतः हद्दपार करणारे अध्यापन आणि केवळ सनावळीवर चालणारे समारंभ, दोन्हींत इतिहासाची हानी आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. तारखेचे टिकणे घटनेच्या महत्त्वाइतकेच तिच्या वारसावर अवलंबून असते. १० जुलैला पक्षपरंपरा आणि पाठ्यपुस्तक, १ जुलैला शासन आणि १९ मार्चला लोकसंघटन असे तीन वेगवेगळे वारस मिळाले. त्यानुसार त्यांच्या स्मरणाचे रूप आणि आयुष्य ठरले.

२. शासकीय स्मरणाचा कल व्यक्तीच्या जन्ममृत्यूकडे असतो, तर लोकस्मरणाचा कल कृतीकडे आणि वेदनेकडे असतो. पहिल्यात गौरव आणि दुसऱ्यात प्रश्न प्रधान असतो. दोन्हींची गरज आहे. परंतु एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

३. एकाच घटनेच्या भिन्न तारखा, जसे १० जुलै आणि २१ जुलै १९३०, या परस्परविरोधी नसून पूरक आहेत. त्या एकत्र वाचल्या तरच नेत्यांच्या मागे उभा असलेला गवत कापणारा समाज दिसू लागतो.

४. यवतमाळच्या तीनही तारखांमागे एकच प्रश्न आहे. जमीन, जंगल आणि पीक यांवर राबणाऱ्याचा हक्क किती आणि त्याच्या श्रमाचे मोल ठरविणार कोण, हा तो प्रश्न. १९३० मध्ये तो गवताच्या रूपाने आला, नाईक यांच्या काळात धान्य आणि कापसाच्या धोरणाच्या रूपाने आला आणि १९८६ मध्ये एका कुटुंबाच्या अंताने आला.

५. ज्यांना तारीख नाही अशा घटनांची नोंद ठेवण्याचे काम स्थानिक इतिहासाचे आहे. ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेची नोंदवही, वन विभागाचे जुने खटले आणि वृद्धांच्या मुलाखती यांतून प्रत्येक तालुक्याचा कालपट तयार करता येईल. पदवी स्तरावरील प्रकल्पांसाठी हा विषय सर्वथा योग्य आहे.

महाविद्यालयांच्या वार्षिक नियोजनात १ जुलैचा कृषी दिन असतोच. त्यानंतर नऊच दिवसांनी १० जुलै येतो. शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच येणाऱ्या या दोन तारखा एकत्र घेऊन, त्यांच्या मध्यभागी १९ मार्चचा प्रश्न ठेवून एखादे चर्चासत्र झाले, तर विद्यार्थ्याला आपल्याच गावच्या शिवारात आधुनिक भारताचा इतिहास सापडेल. पैनगंगेच्या खोऱ्यातून वर्गात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी त्या नोंदवहीतील एखादी तारीख असते. ती त्यांना पाठ करावी लागत नाही. तिचा अर्थ लावण्यास त्यांना साहाय्य करणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य आहे.